शेवटच्या खेपेचे तांबडे दिवे

दाजी, काल आपल्या टोळीची शेवटची खेप गेली आणि कारखान्याचा पट्टा पडला. यंदाचा हंगाम संपला. सकाळपासून दोनदा डोकं धुतलं तरी केसांतला गुलाल निघत नाही. तुम्ही असता तर "एवढी शिकल्याली बाई आन् पोरांसंगं गुलाल खेळती व्हय!" म्हणून चार लोकांत माझी फजिती केली असती. खेळले मी, दाजी. तुमच्या वाटणीचाही खेळले. आक्का दारात उभी राहून आधी रडली, मग पायरी उतरून खाली आली आणि तिनेच मूठभर गुलाल माझ्या तोंडाला फासला. बायका बघत होत्या. बघू देत.

असं का झालं ते तुम्हाला सांगायलाच बसले आहे. पण तुमच्याशी बोलताना सरळ मुद्द्यावर यायची सवयच नाही मला. तुम्ही तरी कधी येऊ दिलंत? मी रेझिस्टर म्हणायचे आणि तुम्ही कालव्याच्या आवर्तनावर जायचात.

मागच्या हंगामातली ती संध्याकाळ आठवते. खुटबावच्या अलीकडे कालव्याच्या वळणावर आपला ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता, मागे ऊस भरलेली ट्रॉली. इंजिन बंद, मागचा बल्ब कधीचा गेलेला, आणि उसाच्या शेंड्यांचे वाढे मागे एवढे लोंबत होते की बल्ब असता तरी दिसला नसता. आपल्या गावातली मंगल आणि तिचा नवरा संतोष मोटारसायकलवरून लग्नाहून परत येत होते. संतोषला ट्रॉली दिसली तेव्हा ब्रेकला वेळच उरला नव्हता. दोघं वाचली, पण मंगलचा उजवा पाय कायमचा अधू झाला.

गाव म्हणत होतं, पोरगं जोरात असणार. तुम्ही तसं एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही दवाखान्यातून थेट शिरूरला माझ्या घरी आलात, चहाला हात लावला नाहीत आणि म्हणालात, "शालू, माझ्या ट्रॉलीनं पोरीचा पाय घेतला. तू आयटीआयच्या पोरांना ते विजंचं शिकवती ना? मग मला आसा दिवा दे, जो हंगामभर इझणार न्हाई." तुमचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता, म्हणून मी थट्टा केली नाही. त्या संध्याकाळी आपण पहिल्यांदा भांडलो नाही.

दुसऱ्या दिवशी भांडलो. तुमचं म्हणणं, बल्ब मोठा लावू. माझं म्हणणं, बल्बची तार ट्रॉलीच्या दणक्यांनी तुटते, म्हणून एलईडी लावू. एलईडीला तारच नाही, दणके बसले तरी तिला काय त्याचं? पण तिचं एक आहे. तिला स्वतःचा हात आवरता येत नाही. जेवढा करंट समोर येईल तेवढा घेत सुटते आणि त्यातच जळते. तिला आवरायला शेजारी रेझिस्टर बसवावा लागतो. एवढं सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "म्हंजी तुझ्या आक्काशेजारी मी." आक्का आत भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, "कोण कुणाला आवरतंय ते समद्या गावाला ठावं हाय."

मग मी कागदावर हिशेब मांडला आणि तुम्ही समोर शेंगा फोडत बसलात. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू झालं की डायनामो तिला साडेचौदाच्या आसपास नेतो. आपण ती मोठी बाजू धरायची. तांबडी एलईडी आपल्या वाट्याचे दोन व्होल्ट घेते. अशा तीन एकामागे एक जोडल्या की सहा गेले. उरलेले आठ-साडेआठ रेझिस्टरने सोसायचे. पाकिटावर वीस मिलिअँपिअर लिहिलेलं असलं तरी ती तिची ताकद, रोजचं जेवण नव्हे. बंद डब्यात, उन्हात, धुळीत हंगामभर टिकायचं तर मी बारा द्यायचं ठरवलं. उरलेल्या व्होल्टांना त्या करंटाने भागलं की सातशे ओहम येतात. तसा रेझिस्टर दुकानात मिळत नाही, त्याला लागून सहाशे ऐंशीचा मिळतो. अंगावरचे निळा, करडा, तपकिरी पट्टे ही त्याची ओळख. झालं.

"झालं कसं?" तुम्ही म्हणालात. "ईस झेपत्यात तर बाराच का? गड्याला पोटभर भाकर घालावी, मग काम सांगावं." मी तयार दिवा बॅटरीला लावून दाखवला. तुम्ही मान वाकडी करून बघितलंत आणि विचारलंत, "ह्यो दिवा हाय का काजवा?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं होतं, निदान एकदा तरी वा म्हणाल.

पुढचं तुम्ही केलंत ते मला फार उशिरा कळलं. हंगामाच्या तोंडावर, कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडायच्या दिवशी, ट्रॉलीमालक जमले होते तिथे तुम्ही दिवे लावून दाखवलेत. तात्या, जे मालकांमधले वडीलधारे आणि ज्यांचा शब्द सगळे मानतात, त्यांनी डोळ्यांवर हात धरला म्हणे, एवढा लखलखाट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मिशीला पीळ दिलात. मला फोनवर म्हणालात, "तुझं दिवं लई आवडलं लोकांला." मी बापडी दिवसभर आनंदात वर्गात शिकवत होते.

आणि थोड्याच दिवसांत एकेक करून ते सगळे गेले. ट्रॅक्टर फडातून निघायचा, चढाला रेस व्हायचा, कारखान्यावर पोचेपर्यंत मागे अंधार. यार्डात ड्रायव्हर लोक हसायला लागले. तात्यांनी सगळ्यांसमोर तुम्हाला सांगितलं, "आप्पा, पुन्यांदा बसव दिवं. पण शेवटच्या खेपंला त्यातला येक जरी इझल्याला दिसला, तर परत दिव्याचं नाव काढायचं न्हाई. समदे चालू दिसले तर आमी समदे बसवू." आता ही गोष्ट तुमच्या एकट्याच्या ट्रॉल्यांची राहिली नाही. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीची झाली.

तुम्ही पिशवीभर मेलेले दिवे घेऊन शिरूरला आलात. तोंड पाडून नाही, चांगलं नाक वर करून. "तुझ्या रेझिस्टरात खोट हाय," म्हणालात. मी पहिला डबा उघडला. रेझिस्टर काळा पडला होता, पण एका कडेचे रंग अजून दिसत होते. दुसरा उघडला, त्याचे स्पष्ट दिसत होते.

"दाजी, मी निळा-करडा-तपकिरी लावला होता. हा तपकिरी-हिरवा-तपकिरी कुठून आला?"

तुम्ही छताकडे बघायला लागलात.

"हा दीडशेचा आहे. माझी पाठ फिरल्यावर कुणी बदलला?"

"दौंडच्या दुकानदारानं दिला," तुम्ही म्हणालात. "मी म्हनलं, जरा मोकळा सोडनारा द्या. मी बदलला. घरी बॅटरीवर लावून बघितला तर झकास चालला! मला काय ठावं?"

इतका राग आला होता, पण तुमचा तो चेहरा बघून मला हसू फुटलं. सोल्डर मात्र तुम्ही सुरेख मारलं होतंत, माझ्या पोरांपेक्षा नीट. वेल्डिंगचा हात होता तुमचा. मी हिशेब दाखवला. दीडशेवर बॅटरीनेच चाळीस जातो, ट्रॅक्टर चालू झाला की पन्नासाच्याही वर. वीस सोसणाऱ्या एलईडीला पन्नास. तुम्हाला आकडा पटेना. जळू नये म्हणून कमी द्यायचं, हे तुमच्या गळी उतरत नव्हतं, कारण तुमचा सगळा जन्म पाणी जास्त मिळवण्यात गेला होता.

म्हणून मी शेवटी तुमच्याच रानात शिरले. विचारलं, "दाजी, कालव्याकडच्या तुकड्यात पूर्वी ऊस कसा यायचा?"

"डोक्याच्या वर."

"आणि आता?"

त्या तुकड्याला तुमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं रात्रंदिवस पाणी पाजलं होतं, पाणी दिसलं की बारं मोडून ते रानात घ्यायचं. आज तिथे मीठ फुललेलं असतं आणि नुसतं गवतही धरत नाही. "खारपड झाली," तुम्ही हळूच म्हणालात. मग पिशवीतला एक मेलेला दिवा उचलून हातात फिरवला आणि म्हणालात, "म्हंजी मी हिची खारपड केली व्हय? आयला. मग बाराच दे. बाराच दे बाई."

दाजी, इतकी वर्षं मी हे शिकवते आहे. पोरं सूत्र पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्या दिवसापासून मी वर्गात खारपड सांगते. आपल्याकडची पोरं, निम्म्यांची रानं कालव्याकाठी. एका झटक्यात समजतं. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही माझा पगार अर्धा मागितला असता.

तरी तुमच्या मनात धाकधूक होतीच की एवढ्या मंद दिव्याने रस्त्यावर दिसणार का. मी म्हणत होते, डोळा फसवा असतो, करंट दुप्पट केला तरी त्याला उजेड दुप्पट वाटत नाही. तुम्ही म्हणालात, "मला नगं सांगू. जिला दिसलं न्हवतं तिला इचारू." आणि तुम्ही मंगलच्या घरी गेलात. मला तर तोंड दाखवायला लाज वाटली असती.

त्याच वळणावर, दिवेलागणीच्या वेळेला, तुम्ही भरलेली ट्रॉली उभी केलीत. इंजिन बंद, तेव्हा होतं तसंच. तोवर तुम्ही आणखी एक काम करून ठेवलं होतं, जे मला कधी सुचलं नसतं. ट्रॉलीच्या बुडाला नळीची चौकट जोडून दिवे खाली आणि मागे काढले होते, वाढ्यांच्या पडद्याच्या बाहेर, मोटारसायकलवाल्याच्या बरोब्बर नजरेत. आणि ट्रॉली जोडणाऱ्या गंजक्या खिळीतून करंट परत येईल यावर विसंबण्याऐवजी बॅटरीपासून दोन्ही वायरी थेट ओढल्या होत्या. माझा हिशेब कितीही बरोबर असता, तरी वाढ्यांच्या आड जळणाऱ्या दिव्याचा काय उपयोग होता?

संतोष गाडीला किक मारेना. "त्या वळणावर मी परत गाडी घालणार न्हाई," म्हणाला. तेव्हा मंगल काठी भिंतीला टेकवून म्हणाली, "मी बसते मागं. चल." तुम्ही आणि मी ट्रॉलीच्या बाजूला उभे राहिलो. गाडीचा आवाज आला, जवळ आला आणि एकदम हळू झाला. अजून कितीतरी लांब होती. तुम्हाला वाटलं, बंद पडली. तुम्ही धावत सुटलात, मी तुमच्या मागे. मंगल गाडीवरच बसून होती. "आप्पा," ती म्हणाली, "दिसलं. त्या बाभळीपासनंच दिसलं." तुम्ही उपरण्याने डोळे पुसलेत. मी बघतेय असं दिसताच माझ्यावरच खेकसलात, "धुरळा गेला!" त्यानंतर काजवा हा शब्द तुम्ही कधी काढला नाहीत.

काढलंत ते दुसरंच खूळ. एकदा पटलं म्हणजे तुम्ही गप्प थोडेच बसणार. "ते आठ व्होल्ट रेझिस्टरात नुसते गरम व्हत्यात. फुकाट. तिथं चौथी एलईडी बसव," असं सुरू झालं. मी म्हटलं, फुकट नाही, तो राखण करतो. चौथी बसवली की त्याच्या हातात थोडेच व्होल्ट उरतात, मग बॅटरी जरा उतरली की दिवे फार मंद होतात. आणि बॅटरी उतरते कधी? ट्रॅक्टर बंद पडून रस्त्यात उभा असतो तेव्हाच. तुम्ही म्हणायचात, चार म्हंजी चार. मी म्हणायचे, तीन.

माघात तुमचं छातीचं दुखणं वाढलं आणि तुम्हाला दौंडला दवाखान्यात ठेवलं. मी आले तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी होती, बोलायची बंदी होती. मला बघताच तुम्ही चादरीतून हात काढून चार बोटं दाखवलीत. मी तीन दाखवली. तुम्ही पुन्हा चार. नर्सबाई हसून म्हणाल्या, काय खेळ चाललाय तुमचा. आक्का म्हणाली, "ह्यांचं हे मरेस्तोवर चालायचं." बोलून गेली आणि जीभ चावली. दुसऱ्या सकाळी तुम्ही नव्हता.

चिडले मी तुमच्यावर. फार चिडले. असं भांडण मध्येच टाकून कुणी उठून जातं का? तेराव्यानंतर शिरूरला येऊन मी मुकाट्याने चार एलईडींची ओळ जोडली, रेझिस्टर नव्याने काढला आणि बॅटरीवर लावून बघितली. चालते, दाजी. इंजिनाच्या व्होल्टवर छान चालते, आणि रेझिस्टर गरमही कमी होतो. बॅटरी उतरवून बघितली तर मी म्हटलं होतं तशीच मलूल होते. तुम्ही निम्मे बरोबर होता. निम्मेच. हे तुमच्या हयातीत कबूल करायची माझी छाती झाली नसती, तुम्ही यार्डात पेढे वाटले असते.

तुम्ही गेल्यावर हंगाम थांबला नाही. उसाला सुतक नसतं. आपला ड्रायव्हर गहिनीनाथ खेपा करत राहिला आणि त्याचा फोन वाजला की मी मनात म्हणायचे, गेला एखादा दिवा. आक्का मला म्हणाली होती, "शाले, मला दुसरं कायबी नगं. ह्यांचा शब्द खाली पडू दिऊ नगंस." तुमच्या नावावर यार्डात कुणी हसावं, हे तिला सोसवलं नसतं. मलाही नाही.

आणि काल शेवटची खेप. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा, पुढे तुमचा फोटो, हलगी कडाडत होती. ट्रॉल्या आपल्या दारासमोर येऊन थांबल्या. तात्या चार मालकांना घेऊन आले, हलगी बंद करायला लावली आणि मागे जाऊन वाकले. ऊन अजून होतं, म्हणून ते प्रत्येक दिव्यावर टोपीची सावली धरून बघत होते. एक ट्रॉली झाली. दुसरी झाली. शेवटच्या ट्रॉलीची डावी बाजू काळी.

कुणीतरी खुसकन् हसलं. आक्काने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. माझ्या डोक्यात सगळे आकडे फिरून गेले, सहाशे ऐंशी, बारा, साडेचौदा, कुठे चुकलं? गहिनीनाथ पुढे झाला, गुडघ्यावर बसला आणि नखाने डब्यावरचा वाळलेला चिखल खरवडून काढला. त्याच्या खाली तांबडं दिसायला लागलं. आधी एक, मग दोन, मग तिन्ही.

तात्या उभे राहिले, कमरेवर हात ठेवला. "समदे चालू हायेत," ते म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "वैनी, आप्पा जितलं! पुढची मोळी पडायच्या आत समद्यांच्या ट्रॉल्यांला ह्येच दिवं बसनार. न्हाई म्हनंल त्यानं माझ्याकडं यावं." हलगी पुन्हा सुरू झाली आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. दाजी, मी नाचले. पन्नाशीची बाई, आयटीआयमध्ये बाई म्हणून मान असलेली, हलगीपुढे नाचले. आपण जिंकलो होतो. का नाही नाचायचं?

आता एक गोष्ट, जी आक्कालाही अजून सांगितलेली नाही. सूर्य बुडताना मी स्कूटरवरून शिरूरला निघाले. पारगावचा भीमेचा पूल ओलांडला, न्हावरा यायचं होतं. पुढे लांबवर, खालच्या अंगाला, तांबडं दिसलं. मी स्कूटर हळू केली. जवळ गेल्यावर उसाची ट्रॉली. मला वाटलं आपलीच, रस्ता चुकली की काय. पण ट्रॅक्टर अनोळखी, दुसऱ्या कारखान्याचा, त्यावर गावाचं नावही दुसरं. नळीची चौकट मात्र तीच, दिवे वाढ्यांच्या खाली, नजरेत.

पुढच्या टपरीवर तो चहाला थांबला तशी मीही थांबले. ड्रायव्हरला विचारलं, हे दिवे कुणी बसवले.

"खुटबावचं एक आप्पा आलं हुतं थंडीत," तो म्हणाला. "मालक नगंच म्हनत हुता. तर दुसऱ्यांदा आलं. धाप लागत हुती त्यांला, पण बोलायचं काय थांबनात. शेवटी सोताच ट्रॉलीखाली शिरून बसवून गेलं. आमच्या आनखी दोन ट्रॉल्या ऱ्हायल्यात. मालक म्हनलाय, पुढच्या हंगामाआधी आप्पांला बोलवून घिऊ."

थंडीत, दाजी. छातीत दुखत असताना. आम्हाला कुणाला कळू न देता.

"आप्पा गेले," मी म्हणाले.

त्याने कप खाली ठेवला. "आरं देवा," म्हणाला. "मग आता कुनाकडं जायाचं?"

"माझ्याकडे. मी त्यांची मेव्हणी, शिरूरला असते. ट्रॉल्या घेऊन या."

त्याने मला खालून वर न्याहाळलं. "तुमाला जमतंय व्हय त्यांच्यासारखं?"

"जमतंय," मी म्हणाले. "त्यांनीच शिकवलंय."